खानदेशांतील जुन्या पेठा व पायाची खोदाई

तापी, गिरणा व पांझरा यांच्या कांठचीं खानदेशांतील गांवें बहुधा एकाच जागीं पुनःपुनः वसलेलीं आहेत. गिरणेकांठच्या बहाळ येथें १९५२-५३ सालीं व तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशा येथें १९५५ सालीं पुरातत्त्व खात्यानें उत्खनन केलें, तेव्हां ताम्रपाषाणयुगापासून मध्ययुगापर्यंतच्या वसाहतींचे थर एकावर एक आढळले. परंतु धुळें, अमळनेर, एरंडोल येथील जुन्या पेठांत माणसें नांदत आहेत. तेथें खात्याची कुदळ पडेल असें आम्हांस वाटत नाहीं. वाडा पाडून नवी इमारत उठते, त्या वेळीं पायासाठीं जो खड्डा पडतो तेवढेंच काय तें तेथील उत्खनन. त्याच्या कांठीं वही घेऊन कोणी उभा नसला तर जेसीबी यंत्र एका दिवसांत सर्व थरांची माती एक करतें व ती गांवाबाहेर भरावास जाते. उद्यां त्या भरावांत खापरें पाहून एखाद्यानें तेथें प्राचीन नगर कल्पिलें तर दोष कोणास द्यावा!

धुळ्याचें उदाहरण घेऊं. १८०३ च्या दुष्काळांत हें गांव ओस पडलें. पुढील वर्षीं विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनीं तें पुन्हां वसविलें. १८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्ज यानें जिल्ह्याचें ठाणें येथें आणून सरळ गल्ल्यांची नवी पेठ आंखली. १८७२ सालीं पांझरेस मोठा पूर येऊन गांवाची पुष्कळ हानि झाली. हा क्रम कागदांवरून कळतो. जमिनींत तो कसा उमटला आहे हें खड्ड्यांतच पाहावयाचें. नदीकांठच्या जुन्या धुळ्यांत पाया खणतांना गाळाचा अखंड पट्टा लागला, आणि तो १८७२ च्या पुराचा ठरला, तर त्याखालील अभंग थरांतील प्रत्येक वीट व खापर त्या सालापूर्वीचें होतें. मात्र गाळ दिसतांच साल लिहूं नये. पांझरेस पूर एकदांच आला असें नाहीं. पट्ट्याच्या वर व खालीं काय सांपडतें तें जुळवूनच निर्णय करावा. शिवाय जुनें पेंव किंवा बुजलेली विहीर वरच्या थरांतून खालीं उतरलेली असते. तिच्यांतील वस्तु शेजारच्या थराच्या मानल्या कीं सर्व हिशेब चुकला. ब्रिग्जच्या पेठेंत कदाचित् जुन्या वस्तीचा मागमूसहि लागणार नाहीं. पण ‘येथें कांहीं नाहीं’ ही नोंदहि मोलाची आहे, कारण जुन्या गांवाची हद्द अशा नकारांनींच आंखतां येते.

कायद्याची मदत येथें थोडी. १९५८ च्या कायद्यांत २०१० सालीं झालेल्या दुरुस्तीनें केंद्रसंरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे व पुढील २०० मीटरांत परवानगी लागते. १८७८ च्या निधीच्या कायद्यान्वयें दहा रुपयांहून अधिक किंमतीचा निधि सांपडल्यास कलेक्टरास लेखी कळवावें लागतें. म्हणजे मोहरांचा हंडा निघाला तर कायदा जागा होतो. काळ्या-तांबड्या खापरासाठीं तो डोळाहि उघडीत नाहीं. म्हणून महानगरपालिकेनें व नगरपालिकांनीं गांवठाणांतील बांधकामाची परवानगी देतांना खोदाईचा दिवस स्थानिक संशोधन-संस्थेस आधीं कळविण्याची अट घालावी, असें आमचें मत आहे. मालकाचें काम यानें अडत नाहीं. खड्ड्याची एक बाजू सरळ तासून घेणें, रस्त्याच्या पातळीपासून थरांचीं मापें टिपणें, छायाचित्र काढणें व प्रत्येक थराचीं खापरें निराळ्या पिशवींत घालणें, एवढ्यास दोन माणसें व एक सकाळ पुरते.

आमच्या वाचकांपैकीं जे कागद जमवितात त्यांस हें सहज पटेल. रुमालांतून सुटून बाजारांत आलेलें पत्र कोणत्या दफ्तरांतील, हें कळत नसेल तर त्याचें अर्धें मोल गेलें. थरावांचून हातीं आलेल्या खापराची तीच गति. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास वारले, व त्यांच्या नांवाच्या मंडळानें त्यांचा संग्रह त्याच गांवीं जतन केला. तेव्हां या कामास धुळ्याहून योग्य स्थळ दुसरें कोणतें? निरीक्षकानें मात्र पाया खणण्याच्या दिवसापर्यंत थांबूं नये. वाड्याचें पाडकाम ठरलें कीं माळा, भिंतींतील कोनाडे व देवघरामागची जागा प्रथम पाहावी. दफ्तरें तेथें असतात, आणि रद्दीवाला मजुरांच्याहि आधीं येतो.