ज्योतीची साक्ष

जळगांवनजीकचें असोदा हें गांव बहिणाबाई चौधरी यांचें जन्मस्थान म्हणून सर्वांस परिचित आहे. त्यांचा जन्म १८८० सालचा. त्या काळच्या गृहिणीस चुलीला वारा पुरतो कीं नाहीं, हें ज्वाळेच्या रंगावरूनच कळे. धूर कोंडला, कीं ती फुंकणी हातीं घेई. आज तेथील रस्त्यांवर धांवणाऱ्या नव्या मोटारसायकलींत हीच पारख बोटाएवढा 'ऑक्सिजन सेन्सर' करतो.

या पारखीचें शास्त्रही आजकालचें नव्हे. १८८९ सालीं जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर नर्न्स्ट यांनीं पदार्थांचें प्रमाण व विजेचा दाब यांचें गणित मांडलें. तापलेल्या झिर्कोनियांतून वीज वाहते, या गुणावर त्यांनींच १८९७ सालीं दिवाही बनविला. या दोन गोष्टींचा संयोग मोटारींत होण्यास मात्र १९७६ साल उजाडावें लागलें. कॅलिफोर्नियांतील कडक धूरनियमांमुळें बॉश कंपनीचा सेन्सर त्या वर्षीं स्वीडनच्या व्होल्व्हो मोटारींत बसला. आपल्याकडे १ एप्रिल २०२० रोजीं बी.एस. ६ नियम लागू झाले, आणि तो खेड्यांतील दुचाकींपर्यंत पोंचला.

त्याची घडण झिर्कोनियाच्या अंगुस्तानासारखी असते. आंत मोकळी हवा, बाहेर इंजिनचा धूर, आणि दोन्ही अंगांस प्लॅटिनमचा लेप. सुमारें ३०० अंश सेल्सिअसच्या वर तो तापला, कीं दोन्ही बाजूंच्या प्राणवायूंतील तफावतीमुळें वीज उत्पन्न होते. धुरांत प्राणवायु जवळजवळ नसला तर सुमारें ०.९ व्होल्ट, भरपूर असला तर ०.१.

म्हणूनच त्याची परीक्षा गाडीबाहेर, बाकावरही घेतां येते. जवळपास पेट्रोल नसावें. सेन्सर व्हाइसमध्यें धरून त्याची सिग्नलची तार व धातूचें अंग डिजिटल व्होल्टमीटरच्या अनुक्रमें धन व ऋण टोंकांस जोडावें, आणि गॅसच्या टॉर्चनें टोंक तांबूस होईतों तापवावें. ज्योतींत आंकडा ०.८च्या आसपास चढला व ज्योत दूर होतांच झरकन् ०.२च्या खालीं उतरला, तर सेन्सर शाबूत समजावा. रेंगाळला, तर तो थकला. मीटर ओहमवर मात्र ठेवूं नये. मीटरचीच वीज त्यास अपाय करते. ही कसोटी झिर्कोनियाच्या या साध्या जातीपुरतीच आहे.

इतका खटाटोप कशासाठीं? गाडीवरील सूचनेचा दिवा लागला, कीं पुष्कळदां सेन्सरच बदलला जातो आणि गिऱ्हाइकास नाहक भुर्दंड पडतो. वस्तुतः दोष इंधनाच्या फवाऱ्यांत किंवा धूरनळीच्या फटींत असूं शकतो, आणि सेन्सर बिचारा खरी साक्षच देत असतो. साक्षीदारास दोषी ठरविण्यापूर्वीं त्याची उलटतपासणी व्हावी. तीस एक ज्योत व एक मीटर पुरे आहे.