पल्लावरमचा दगड : एका ओळखीचा इतिहास

प्रस्तावना :
इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट, नाणी व बखरी यांचा निर्देश प्रामुख्याने होतो. लेखनपूर्व काळाचे मुख्य साधन मात्र दगड हे होय. तथापि दगड आपोआप साधन ठरत नाही. त्यावरील मानवी हाताची खूण ओळखावी लागते. भारतात ही ओळख कशी पटली, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

पार्श्वभूमी व शोध :
रॉबर्ट ब्रूस फूट हे १८५८ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात रुजू झाले. १८५९ मध्ये प्रेस्टविच व इव्हान्स यांनी फ्रान्समधील सोम नदीच्या खोऱ्यास भेट देऊन बूशे द पर्थ यांच्या प्राचीन दगडी हत्यारांना मान्यता दिली. त्यामुळे हा विषय भूवैज्ञानिकांच्या चर्चेत होता. ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळील पल्लावरम येथे, जांभ्याच्या मुरमाच्या खड्ड्याजवळ फूट यांना क्वार्ट्‌झाइटचा एक वेगळा दगड आढळला. असे दगड तेथे पूर्वीपासून होतेच. नवी होती ती पाहणाऱ्याची दृष्टी.

ओळखीचे निकष :
प्रवाहात घासलेला गोटा गुळगुळीत होतो, तर उन्हापावसाने फुटलेल्या दगडाच्या कपच्या वाटेल तशा निघतात. घडविलेल्या दगडावर मात्र कपच्या काढल्याच्या खोलगट खुणा एका क्रमाने, बहुधा दोन्ही अंगांनी दिसतात. निघालेल्या कपचीवर आघाताच्या जागेलगत फुगवटा असतो. तरीही एकटा दगड फसवू शकतो. म्हणूनच सप्टेंबर १८६३ मध्ये फूट व विल्यम किंग यांना अत्तिरमपक्कम येथे मिळालेली अनेक हत्यारे महत्त्वाची ठरतात. एकच घडण वारंवार आढळणे हा निसर्गाचा योगायोग नव्हे.

महाराष्ट्राच्या संदर्भात हे काम अधिक अवघड होते. येथील काळा पाषाण झिजला की कपच्यांच्या खुणा पुसट होतात. हसमुख सांकलिया व डेक्कन कॉलेजातील त्यांच्या सहकाऱ्यांनी गंगापूर (नाशिक) व नेवासे येथे केलेल्या संशोधनाचे मोल यामुळे वाढते.

थराचे महत्त्व :
ही हत्यारे किती जुनी, हे वर्षांत सांगण्याचे साधन फूट यांच्याजवळ नव्हते. शांती पप्पू व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अत्तिरमपक्कमच्या हत्यारांचे वय सुमारे १५ लाख वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. हत्यारे मूळ थरात सापडली, म्हणूनच हे शक्य झाले. जागेची व थराची नोंद न करता उचललेला दगड हत्यार म्हणून ओळखता येतो. त्याचा काळ मात्र बहुधा कायमचा हरवतो.

निष्कर्ष :
पल्लावरमच्या दगडाने भारतीय मानवाचा इतिहास ग्रंथांच्या पलीकडे नेला. वाळूउपसा व मुरमाच्या खाणी यांमुळे आज नदीकाठचे थर नष्ट होत आहेत. अशा वेळी महाविद्यालयीन सहलींत विद्यार्थ्यांना वेगळा दगड उचलण्यापूर्वी त्याची जागा, थर व छायाचित्र नोंदविण्याची सवय लावणे, हे इतिहासाच्या अध्यापकाचे कर्तव्य ठरते.