साध्या लाकडाचे वाडे

पुण्याच्या पेठांमधला एखादा जुना वाडा दुरुस्तीला निघाला की पहिली मागणी येते ती सुरूच्या झाडाच्या आकारात कोरलेल्या खांबांची, केळफुलांची आणि नक्षीदार महिरपींची. वाडा म्हटला की लाकूड कोरीवच असणार, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. पण पेठांमधले बहुतेक वाडे सरदारांचे नव्हते. भिक्षुक, कारकून, सावकार, व्यापारी अशांची ती राहती घरे होती. अशा घराला नव्याने नक्षी चढवणे म्हणजे दुसऱ्याच घराचा इतिहास त्याच्या माथी मारणे होय.

ही समजूत रुजली ती मागे काय उरले त्यामुळे. शनिवारवाड्याची वास्तुशांत 1732 साली झाली आणि 1828च्या आगीत त्याचे लाकूडकाम गेले. आज आपण पाहतो तो दुसऱ्या बाजीरावांचा विश्रामबागवाडा, नाना फडणवीसांचा मेणवलीचा वाडा आणि राजा दिनकर केळकर संग्रहालयातले दरवाजे. पेशवे, त्यांचे कारभारी आणि निवडक सुंदर वस्तू, एवढाच हा पुरावा. वाडा पाडताना कोरीव गणेशपट्टी कोणीतरी हौसेने उचलून नेतो; साधी तुळई जुन्या लाकडाच्या वखारीत जाते. 12 जुलै 1961च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांमधली मातीविटांची कितीतरी राहती घरे बसली, त्यांच्या दारा-खिडक्यांची नोंद कोण ठेवणार? जे जपले गेले त्यावरून सगळ्यांचे चित्र रंगवले, की चूक होणारच.

उभ्या असलेल्या साध्या वाड्यात मात्र वेगळीच शिस्त दिसते. दगडी तळखड्यावर चौकोनी सागवानी खांब. त्याच्या चारही धारा तळाशी वीतभर आणि वर तुळईला आधार देणाऱ्या हस्ताखाली तेवढ्याच सोडून मधल्या उंचीत तासलेल्या. येता-जाता खांद्याला धार लागत नाही आणि जड खांब डोळ्यांना सडसडीत वाटतो. सुताराने केलेली सजावट एवढीच. वर कडीपाट, म्हणजे तुळयांवर ओळीने कड्या आणि त्यांवर फळ्या. भिंतीत कोनाडे आणि खुंट्या. नक्षी असलीच तर ती रस्त्याकडच्या दारावर, दिवाणखान्यात नाहीतर देवघरात. माजघर आणि स्वयंपाकघर निखळ साधे. कुठे थांबून पाहायचे आणि कुठे कामाला लागायचे, हे घरच सांगत असे. सगळीकडे सारखीच नक्षी पसरली की ही भाषा पुसली जाते, आणि मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती याचीच.

यावर कोणी म्हणेल, वाडे कधी स्थिर होते? इंग्रजी अमदानीत त्यांत बिडाचे कठडे आले, रंगीत काचा आल्या. मग आजची नक्षी का नको? आक्षेप वजनदार आहे. पण ते कठडे आपल्या काळाचेच म्हणून आले, पेशवाईचे सोंग घेऊन नव्हे. म्हणूनच ते काढू नयेत, असेही मी म्हणेन. आज यंत्रावर कोरलेला सुरूचा खांब मात्र आपण दोनशे वर्षांचे असल्याचे भासवतो. नवीन लागेल ते उघडपणे नवीन असावे, फक्त जाडी-रुंदी जुन्याशी जुळती.

दुसरा आक्षेप खर्चाचा. साग परवडत नाही, हे खरेच. पण पैसा जातो तो कोरण्यातही. कुजलेल्या खांबाचा तेवढाच तळ कापून जुन्याच सागाचा तुकडा सांधता येतो. वखारीतली तुळई रंधून चौकटीला वापरता येते. खांबावरचा ऑइलपेंट मात्र घाईने खरवडू नये: आधी कोपऱ्यात बोटभर जागा मोकळी करून पाहावी, कारण तासलेल्या धारेची मूळ रेघ त्याखालीच सापडते आणि नव्या खांबाला माप तिथूनच घेता येते.