गावाच्या राखणीचा पैसा कोणी द्यायचा?

माझ्या पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५०० रुपये. शिक्षकांच्या खोलीत या कपातीवर कुरकुर चालते आणि तीत मीही सूर मिसळत आलो आहे. मध्यंतरी एक सहकारी म्हणाले, "खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी पगारदाराने का म्हणून भरायचे?" मी तेव्हा गप्प राहिलो, पण मनात माझा आजा उभा राहिला.

आजा येसकर होता. रात्रभर वेशीवर जागायचे, चोरी झाली की पावलांचा माग शिवेपर्यंत काढायचा, सरकारी भरण्याबरोबर तालुक्याला चालत जायचे, मयताचा सांगावा घेऊन रात्री-अपरात्री परगाव गाठायचा. मेलेले ढोर ओढणे होतेच. या सगळ्याचा मोबदला काय? सांजच्याला दारोदार मागून आणलेली भाकरी, सुगीत खळ्यावरून मिळेल ते बलुते आणि भावकीत वाटून वाटून टीचभर उरलेली हाडोळ्याची जमीन. तिच्यावरही जुडी नावाचा सारा सरकारला भरायचा! बलुते तर कुणब्याच्या मर्जीवर. महाराने मान वर केली की ते बंद.

आज आपण ज्याला सार्वजनिक सुरक्षा म्हणतो, ती गावाला अशी मिळत होती. गावाने राखणीसाठी कर दिला नाही, असे म्हणणे अर्धेच खरे आहे. कर होता, तो एका जातीकडून झोपेच्या आणि अंगमेहनतीच्या रूपाने वसूल होत होता. इंग्रज सरकारने १८७४ च्या वतन कायद्याने ही रीत मोडली नाही, उलट तिला कायद्याचे बळ दिले. तलाठी, फौजदार, मामलेदार या सर्वांना असा फुकटचा माणूस हवाच होता. आणि बोलावणे एका माणसाला नव्हते, घराला होते. बाप नसला तर पोरगा, पोरगा नसला तर घरातले आणखी कोणी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली 'बहिष्कृत भारत'मधून महार वतनाची चिकित्सा केली आणि १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. आपण हे विधेयक नेहमी अस्पृश्यांच्या मुक्तीच्या इतिहासात वाचतो आणि ते योग्यच आहे. पण मला ते करविषयक विधेयक म्हणूनही वाचावेसे वाटते. ज्याला वतनाची चाकरी नको असेल त्याने पूर्ण सारा भरून जमीन राखावी आणि मोकळे व्हावे. चाकरीची कामे कोणती ते ठरवून द्यावे. आणि धान्याच्या रूपातले बलुते रोख पट्टीत बदलून ती जमीन महसुलाबरोबर सरकारने वसूल करावी. या शेवटच्या कलमात सगळी मेख आहे. पट्टी बसली की बलुते भीक राहत नाही, वेतन होते. ते बंद करण्याची धमकी देता येत नाही, कारण मध्ये सरकारी खजिना येतो.

मग गावाला आणि सरकारला ही पट्टी का नको होती? माझे मत असे की, रकमेचे दुखणे होते, पण त्याहून मोठे दुखणे हिशेबाचे होते. पट्टी बसवायची म्हणजे या कामाला किंमत आहे हे लिहून द्यायचे. विधेयक मंजूर झाले नाही तर महारांचा संप घडवून आणू, असा इशारा बाबासाहेबांनी कौन्सिलातच दिला. विधेयक निवड समितीकडे गेले, तिथे त्याचे अंगच छाटले गेले आणि १९२९ साली त्यांनी ते मागे घेतले. १९३७ साली पुन्हा प्रयत्न झाला. वतने प्रत्यक्षात गेली ती १९५८ च्या कायद्याने, आणि तेव्हाही जमीन नावावर करून घ्यायला वतनदारालाच कब्जेहक्काची किंमत भरावी लागली! पिढ्यानुपिढ्या चाकरी करणाऱ्याकडूनच ही वसुली.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. वतन जाणार म्हटल्यावर आपल्यातलेही अनेकजण बिथरले होते. वडील सांगत, आजा शेवटपर्यंत म्हणायचा, "जमीन गेली तर मागं काय ऱ्हाईल?" त्याला मूर्ख ठरवण्याचा हक्क मला नाही. दुसरे काही त्याच्या हाती कोणी दिलेच नव्हते.

त्या सहकाऱ्यांना मी नंतर एवढेच सांगितले की, व्यवसाय कर १९७५ साली आला तो १९७२ च्या दुष्काळातून वाढलेल्या रोजगार हमी योजनेसाठी. पगारदाराच्या खिशातून खेड्यातल्या मजुराच्या हाती रोख मजुरी जावी, मागितलेली भाकरी नव्हे, हा त्याचा अर्थ. त्यावर ते म्हणाले, "पैसा मजुरापर्यंत पोचतो का, ते बघा." हा प्रश्न रास्त आहे. हजेरीपट कोण लिहितो आणि दाम कोण खातो, याची चौकशी व्हायलाच हवी, आणि ती कर भरणाराने केली तर अधिक बरे. पण भरायचेच नाही, ही भूमिका मला १९२८ सालच्या बाकांची आठवण करून देते.

येसकराच्या जागी आलेल्या कोतवालाला आज सरकारी तिजोरीतून मानधन मिळते. मानधन, पगार नव्हे. चतुर्थ श्रेणीसाठी कोतवालांची निवेदने वर्षानुवर्षे मंत्रालयात जात राहिली. त्यांतले एक निवेदन मीच लिहून दिले होते.