न्यूयॉर्कमधील डेलिकेटेसन आणि खात्रीचा प्रश्न

परमुलखात गेलेल्या माणसापुढे निवाऱ्याच्या खालोखाल उभा राहणारा प्रश्न जेवणाचा होय. आणि ज्याच्या अन्नाला धर्मशास्त्राची बंधने आहेत त्याच्यापुढे तो दुहेरी होऊन उभा राहतो. पदार्थ चांगला हवा, आणि तो चालणाराही हवा. यांपैकी पहिली गोष्ट जिभेला कळते. दुसरी कळत नाही. शास्त्रोक्त रीतीने मारलेल्या जनावराचे मांस आणि तसे नसलेले मांस यांतील भेद ताटात पडल्यावर ओळखण्याची सोय नसते. ग्राहकाला कोणाच्या तरी शब्दावर विसंबावेच लागते. न्यूयॉर्क शहरातील ज्यू डेलिकेटेसनचा, म्हणजे खारवलेल्या व धुरावलेल्या मांसाची सँडविचे विकणाऱ्या दुकानांचा, इतिहास हा बव्हंशी या विसंबण्याचाच इतिहास आहे. त्याकडे केवळ खाद्यपदार्थांची हकीकत म्हणून पाहिल्याने त्याचा हा भाग दुर्लक्षित राहतो.

'डेलिकेटेसन' हा शब्द जर्मन. त्याचे मूळ फ्रेंच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मॅनहॅटनच्या आग्नेय भागात जर्मन वसाहतवाल्यांचा जो मोठा मोहल्ला होता, तेथील दुकानांतून सॉसेज, हॅम, आंबवलेली कोबी, खारवलेले मासे असे शिजवण्याची खटपट न करता खाता येणारे जिन्नस मिळत. १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याचा खून झाल्यानंतर रशियन साम्राज्यात ज्यूंविरुद्ध दंगली उसळल्या, आणि तेव्हापासून १९२४ च्या निर्बंधक कायद्यापर्यंत सुमारे वीस लाख पूर्व युरोपीय ज्यू अमेरिकेत आले. त्यांतील फार मोठा भाग न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये राहिला. जर्मनांच्या दुकानाचा साचा त्यांनी उचलला. हॅम अर्थातच वगळले.

ही दुकाने म्हणजे आजोबांच्या गावचे अन्न नव्या देशात जसेच्या तसे आणल्याचा पुरावा, अशी एक भाबडी समजूत रूढ आहे. वस्तुस्थिती तशी नाही. हासिया डाइनर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की, पूर्व युरोपातून आलेल्या बहुसंख्य ज्यूंना डेलिकेटेसनची ओळख अमेरिकेतच झाली. मायदेशी त्यांच्या गरिबीत मांस हे शब्बाथचे, सणावाराचे अन्न होते. पस्ट्रामीचेच उदाहरण घ्यावे. हा शब्द तुर्की 'पास्तिर्मा'वरून रुमानियन भाषेत आला, आणि रुमानियातील ज्यू हंसाचे किंवा मेंढीचे मांस या पद्धतीने टिकवीत. न्यूयॉर्कमध्ये हंस महाग आणि गोमांस स्वस्त. म्हणून पस्ट्रामी गोमांसाची झाली. राय धान्याच्या, शहाजिरे घातलेल्या पावाच्या दोन कापांत ती घालून मोहरीच्या लेपासह देण्याची रीत ही त्या शहराची निर्मिती होय. हे सँडविच प्रथम कोणी विकले याविषयी एका घराण्याचा १८८७ चा दावा आहे, तर १८८८ हे कॅट्झ या विख्यात दुकानाच्या स्थापनेचे वर्ष सांगितले जाते. घराण्याची आठवण आणि दुकानाची पाटी ही दोन्ही साधने इतिहासकाराने जपून वापरावीत अशा जातीची आहेत, आणि येथे एक-दोन वर्षांच्या मागेपुढे होण्याने काही बिघडत नाही.

त्याहून महत्त्वाचे आहे ते धर्मशास्त्राने या पदार्थाला दिलेले रूप. ज्यू आहारनियमांना 'कश्रुत' व त्यांत बसणाऱ्या अन्नाला 'कोशर' म्हणतात. मराठी वाचकाला हे नियम अगदीच अपरिचित नाहीत. कोकणातील बेने इस्राएल समाज खवले नसलेले मासे वर्ज्य मानतो, आणि शब्बाथला तेलाचा घाणा बंद ठेवीत असल्यामुळेच त्याला 'शनवार तेली' हे नाव पडले. या नियमांप्रमाणे जनावर प्रशिक्षित व्यक्तीने विहित पद्धतीनेच मारावे लागते. मांस भिजवून, मीठ लावून त्यातील रक्त काढावे लागते. आणि मांडीतील मोठी शीर निषिद्ध असल्यामुळे, ती काढण्याच्या किचकट कामापेक्षा जनावराचा मागचा अर्धा भाग इतर ग्राहकांना विकून टाकणे सोयीचे पडते. मऊ, महागडे मांस नेमके याच मागच्या अर्ध्यात असते. राहिले ते छातीचे आणि पोटाकडचे चिवट, चरबीदार तुकडे. त्यांना खाण्याजोगे करायचे तर वेळ आणि युक्ती यांची जोड हवी. म्हणून ते मीठ, सोरा, साखर, लसूण यांच्या पाण्यात दिवसचे दिवस बुडवून ठेवायचे, पस्ट्रामीसाठी वर मिरे व धने थापून धूर द्यायचा, आणि शेवटी वाफेवर इतके मऊ करायचे की सुरीखाली ते सहज कापले जावे. धूर न देता उकडले की त्यालाच 'कॉर्न्ड बीफ' म्हणतात. आज ज्याला न्यूयॉर्कची खासियत म्हणून नावाजतात त्याच्या मुळाशी एक निषेध आणि एक काटकसर आहे.

मांस व दूध एकत्र येऊ नये या दुसऱ्या नियमाने तर दुकानांचीच वाटणी केली. डेलिकेटेसनमध्ये मांस, लोणी, चीज, धुरावलेले मासे यांसाठी निराळे दुकान, ज्याला तेथे 'ॲपेटायझिंग' म्हणत. १९१४ मध्ये सुरू झालेले व पुढे 'रस अँड डॉटर्स' या नावाने प्रसिद्धीस आलेले दुकान या दुसऱ्या वर्गातले. नवख्याने एकाच गल्लीत दोन्ही पाहून त्यांना एकाच मालेत गुंफू नये.

ग्राहक कोण होते? घरी चूल पेटवायला सवड नसलेले कारागीर, एकटे राहणारे पुरुष, आणि मुले. समाजसुधारक जॉन स्पार्गो यांनी १९०६ च्या आपल्या पुस्तकात शाळेची मुले दुपारच्या जेवणाचे पैसे घेऊन डेलिकेटेसनमध्ये जातात व लोणचे-पाव किंवा सॉसेज घेऊन भूक भागवितात, असे स्वतः पाहून नोंदविले आहे. सुधारकांना त्यात आबाळ दिसली, आणि ती खोटी नव्हती. तथापि त्या मुलाने हातातले नाणे कोठे खर्च करावे हे स्वतः ठरविले, ही बाबही तितकीच लक्षणीय आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. दुकानाच्या काचेवर हिब्रू अक्षरांत 'कोशर' असे रंगविलेले असे. ती अक्षरे खरी कशावरून? मायदेशी गावाचा रब्बी, गावाचा खाटीक आणि गिऱ्हाईक एकमेकांना ओळखत. न्यूयॉर्कमध्ये लाखोंच्या वस्तीत अशी ओळख उरली नाही, आणि अमेरिकेत धर्मसंस्थेला राज्याचा पाठिंबा नसल्यामुळे अधिकारवाणीने बोलणाराही कोणी नव्हता. ही उणीव भरून काढण्यासाठी काही सनातनी मंडळांनी एकत्र येऊन १८८८ मध्ये विल्ना येथून रब्बी जेकब जोसेफ यांना मुख्य रब्बी म्हणून आणले. ते विद्वान होते, सचोटीचे होते. कोशर कोंबडीला शिशाची मुद्रा लावावी आणि देखरेखीचा खर्च त्या मुद्रेवरील अल्प आकारातून भागवावा, अशी योजना अंमलात आली. लोकांना तीत रशियातील मांसावरचा 'कोरोब्का' हा द्वेष्य कर दिसला. खाटीक बिथरले, इतर रब्बींनी त्यांचा अधिकार मानला नाही. पुढे मंडळांचा पैसा आटला तेव्हा या मुख्य रब्बीचे वेतन खाटकांकडून येऊ लागले, म्हणजे ज्यांच्यावर देखरेख करावयाची तेच देखरेख करणाऱ्याचे पोशिंदे झाले. काही काळाने त्यांनीही हात आखडता घेतला. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले जेकब जोसेफ जुलै १९०२ मध्ये निवर्तले. हयातीत ज्यांना मान मिळाला नाही त्यांच्या अंत्ययात्रेला हजारोंचा समुदाय लोटला, आणि वाटेत एका कारखान्यातील कामगारांनी तिच्यावर हल्ला केल्यामुळे तिला दंगलीचे स्वरूप आले.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात या मोहल्ल्याने एक वेगळी चळवळ पाहिली होती. शिकागोच्या बड्या मांस कंपन्यांच्या गटाने, ज्याला 'बीफ ट्रस्ट' म्हणत, भाव चढविले आणि कोशर मांस पौंडाला १२ सेंटवरून १८ सेंटवर गेले. कोशर मांस कापल्यावर तीन दिवसांत भिजवून खारवावे लागे, म्हणून त्याची कत्तल ग्राहकाच्या शहराजवळच करणे भाग होते. दूरवरचे स्वस्त मांस आणून भाव पाडण्याचा मार्ग या ग्राहकांना सहज खुला नव्हता. खाटकांनी प्रथम दुकाने बंद ठेवून विरोध केला व लवकरच माघार घेतली. तेव्हा गृहिणी पुढे सरसावल्या. त्यांनी दुकानांवर निदर्शने केली, विकत घेतलेले मांस रस्त्यावर फेकले, त्यावर रॉकेल ओतले. शब्बाथच्या दिवशी प्रार्थनामंदिरांत शिरून धर्मग्रंथाचे वाचन थांबविले आणि पुरुषांकडून पाठिंबा मागितला. जूनच्या आरंभी किरकोळ भाव १४ सेंटपर्यंत उतरला. पॉला हायमन यांनी १९८० मध्ये या बहिष्काराचा अभ्यास प्रसिद्ध केला व त्यातील नियोजन उजेडात आणले. तोपर्यंत त्याची वासलात बायकांचा दंगा म्हणून लावण्याकडेच अभ्यासकांचा कल होता. येथे ध्यानात घ्यावयाचे ते एवढेच की, रब्बीला जे जमले नाही ते, म्हणजे विक्रेत्याला जाब विचारण्याचे काम, ग्राहकांनी स्वतः केले. पण ते भावापुरते. मांसाच्या शुद्धतेविषयी जाब विचारण्याचे साधन त्यांच्याही हाती नव्हते.

ते साधन राज्याने देऊ केले. न्यूयॉर्क राज्याने १९१५ मध्ये कायदा करून, फसवणुकीच्या हेतूने अन्य मांस कोशर म्हणून विकणे हा गुन्हा ठरविला. दोन्ही प्रकारचे मांस विकणाऱ्याने तसा स्पष्ट फलक चार इंची अक्षरांत लावावा, अशी तरतूद १९२२ मध्ये करण्यात आली. व्यापाऱ्यांनी या कायद्याला आव्हान दिले. कोशर म्हणजे काय याविषयी शास्त्र्यांतच एकमत नाही, मग व्यापाऱ्याने गुन्हा कसा ओळखावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२५ मध्ये हायग्रेड प्रोव्हिजन कंपनीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. या शब्दाला व्यापारात पुरेसा निश्चित अर्थ आहे, आणि फसविण्याचा हेतू सिद्ध झाल्याशिवाय शिक्षा नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. अशा रीतीने धर्मसंस्थेला राज्यापासून कटाक्षाने अलग ठेवणाऱ्या देशात 'कोशर' हा शब्द दंडविधानात जाऊन बसला. हॅरल्ड गॅस्टवर्ट यांनी १९७४ च्या आपल्या ग्रंथात १८८१ ते १९४० या काळातील देखरेखीचा हा सारा गुंता उलगडला आहे.

या सुमारास आणखी एक जामीनदार पुढे आला, तो म्हणजे कारखाना. १९०५ मध्ये ईस्ट ब्रॉडवेवर निघालेल्या 'हिब्रू नॅशनल' यासारख्या कंपन्यांचे सॉसेज व सलामी दुकानादुकानांत जाऊ लागली. ग्राहक आता दुकानदाराचा चेहरा पाहण्याऐवजी वेष्टनावरचे नाव वाचू लागला. १९३० च्या सुमारास शहरात दीड हजारांच्या आसपास कोशर डेलिकेटेसन होती असे अभ्यासक मानतात. हा त्यांच्या भरभराटीचा काळ.

नेमक्या याच काळात भरभराटीच्या पोटात दुसरी एक प्रक्रिया सुरू होती. ब्रॉडवेच्या नाट्यगृहांभोवती १९२१ मध्ये लिंडीज, १९३७ मध्ये स्टेज व कार्नेगी अशी दुकाने निघाली. नट, पत्रकार, जुगारी, ज्यू आणि ज्यूेतर तेथे एका टेबलावर बसत. त्यांचे पदार्थ डेलिकेटेसनचे, पण मांसाबरोबर चीजही चाले. कॉर्न्ड बीफ, स्विस चीज व आंबवलेली कोबी यांचे 'रूबेन' सँडविच हे याचे ठळक उदाहरण. त्याच्या जनकत्वासाठी न्यूयॉर्क व नेब्रास्कातील ओमाहा ही शहरे भांडतात, परंतु कश्रुतच्या दृष्टीने ते कोठेही जन्मले असते तरी निषिद्धच ठरले असते. अशा दुकानांसाठी 'कोशर-पद्धतीचे' असा एक चतुर शब्दप्रयोग रूढ झाला. त्यात नियम नाही, नियमाची आठवण मात्र आहे. स्थलांतरितांच्या मुलांना तेवढी आठवण पुरेशी वाटली, ही गोष्ट त्यांच्या धर्मभावनेच्या ऱ्हासाची खूण मानण्याकडे काही लेखकांचा कल आहे. पण ज्याने वडिलांच्या घरी पाव आणि लोणचे यांवर दिवस काढले त्याला वीतभर उंचीच्या मांसाच्या सँडविचमध्ये धर्मापेक्षा वेगळे काही दिसत असणे स्वाभाविक होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर कुटुंबे उपनगरांत पांगली, मोठ्या बाजारगृहांत बांधीव मांस मिळू लागले, भाडी वाढली, चरबीची धास्ती आली. स्टेज २०१२ मध्ये व कार्नेगी २०१६ च्या अखेरीस बंद झाले. कायद्याचा आधारही टिकला नाही. लाँग आयलंडवरील एका मांसविक्रेत्याने, ज्याच्या दुकानावर कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या रब्बीची देखरेख होती, राज्याच्या कायद्याला आव्हान दिले. कोशरचा अर्थ सनातनी पंथाच्या मतानुसार लावणे म्हणजे राज्याने एका पंथाची बाजू घेणे होय, असे ठरवून संघराज्याच्या अपील न्यायालयाने २००२ मध्ये तो रद्दबातल केला. २००४ च्या नव्या कायद्याने राज्याने आपले अंग काढून घेतले: माल कोशर आहे की नाही हे राज्य सांगणार नाही, विक्रेत्याने कोणाच्या शब्दावर तो कोशर म्हटला आहे एवढेच जाहीर करावे. जेकब जोसेफ यांच्यापुढे जो पेच होता तो शंभर वर्षांनी पुन्हा ग्राहकाच्याच दारी आला.

ह्यूस्टन व लडलो या रस्त्यांच्या कोपऱ्यावरील कॅट्झ हे दुकान मात्र चालू आहे. दुसऱ्या महायुद्धात सैन्यातील मुलांना सलामी पाठविण्याचे आवाहन करणारी त्याची यमकबद्ध जाहिरात अजूनही सांगितली जाते. ते कोशर नाही. शब्बाथलाही उघडे असते. आत शिरताना प्रत्येकाला एक तिकीट मिळते, ते जपून ठेवावे लागते, आणि घेतलेल्या जिनसांची किंमत त्यावर मांडली जाते. फळीपलीकडे उभा असलेला कापणारा वाफेतून पस्ट्रामीचा गोळा काढतो, हातानेच त्याचे काप करतो, आणि सँडविच रचण्यापूर्वी एक-दोन तुकडे बशीत घालून गिऱ्हाइकापुढे सरकवतो. गिऱ्हाईक ते चाखून मान डोलावते आणि तिकीट पुढे करते.