ऋण आबाधा आणि रेषेचे परावर्तन

हिंदीत बीजगणित लिहिणारे काशीचे बापूदेव शास्त्री (१८२१–१८९०) यांचे घराणे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील गोदाकाठच्या टोके गावचे. नागपुरास ते जी ‘लीलावती’ (११५०) शिकले, तीत १० व १७ भुजांचा, ९ भूमीचा त्रिकोण आहे. त्याच्या आबाधा १५ आणि ऋण ६, लंब ८. ऋण म्हणजे दिशा विरुद्ध, असे भास्कराचार्यच सांगतात. तीच आबाधा धन घेतली तर भूमी २१ होते. १० ची भुजा लंबाच्या पलीकडे जाते. लंबपाद आरंभबिंदू व लंब हा य-अक्ष मानल्यास य = ८ − (४/३)क्ष ही रेषा य = ८ + (४/३)क्ष होते; पालटते ते केवळ चढाचे चिन्ह. तथापि रेषेचे समीकरण भास्कराचार्यांच्या माथी मारणे इतिहासास धरून नाही. ते सतराव्या शतकातील देकार्त व फर्मा यांच्या विचारातून आले. भास्कराचार्यांचे श्रेय दिशेला चिन्ह देण्याचे, आणि ते थोडके नव्हे.