'फ्री', 'प्रीमियम' आणि 'वर्गणी' : मजकुराच्या विक्रीतील तीन शब्दांचा इतिहास

आर्थिक इतिहासाचे अभ्यासक किमतीचा विचार करतात, किमतीच्या नावाचा सहसा करीत नाहीत. वस्तू काय दराने विकली गेली हे हिशेबाच्या वहीत सापडते. पण ती कोणत्या शब्दाने विकली गेली हे जाहिरातीच्या कागदावर असते, आणि तो कागद रद्दीत जातो. धान्य किंवा कापड ह्यांच्या बाबतीत ही उपेक्षा एक वेळ क्षम्य ठरेल. ग्रंथ, नियतकालिके आणि अलीकडच्या काळातील संगणकीय आज्ञावली ह्यांच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही. मजकूर हा असा माल आहे की तो थोडा तरी वाचल्याशिवाय त्याची योग्यता कळत नाही, आणि पुरता वाचून झाल्यावर तो विकत घेण्याचे प्रयोजन उरत नाही. म्हणून त्याच्या विक्रेत्याला काही भाग विनामोल द्यावा लागतो आणि उरलेल्या भागासाठी पैसे मागावे लागतात. ह्या दोन भागांना काय म्हणावे, हा प्रश्न अमेरिकेतील व्यापाऱ्यांपुढे गेली सव्वाशे-दीडशे वर्षे पुनःपुन्हा उभा राहिला आहे. त्यांनी दिलेल्या उत्तरांची छाननी प्रस्तुत लेखात करावयाची आहे. आमचे प्रतिपादन असे की, जी नावे टिकली ती मालाची स्तुती करणारी नव्हती. पैसे देणारा मनुष्य त्यायोगे कोण होतो, हे ती सांगत होती.

प्रथम 'प्रीमियम' हा शब्द घेऊ. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ बक्षीस, पारितोषिक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील साबणाचे आणि चहाचे व्यापारी खरेदीबरोबर जी भेटवस्तू देत तिला 'प्रीमियम' म्हणत. म्हणजे पैसे साबणाचे, आणि प्रीमियम फुकट. आज ज्याला प्रीमियम म्हणतात त्याच्या हे नेमके उलट आहे, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नियतकालिकांनीही ही प्रथा उचलली. बॉस्टन येथून निघणाऱ्या 'द यूथ्स कंपॅनियन' ह्या साप्ताहिकाची प्रीमियमांची यादी प्रसिद्ध होती. नवा वर्गणीदार मिळवून देणाऱ्या वाचकाला त्या यादीतील वस्तू मिळे. त्या पत्राचे एक स्वतंत्र प्रीमियम-खातेच होते. जेम्स अपहॅम हे त्याचे प्रमुख, आणि १८८८ पासून त्यांनी शाळांना राष्ट्रध्वज पुरविण्याची मोहीम चालविली. १८९१ साली फ्रान्सिस बेलामी ह्या खात्यात आले. पुढील वर्षी त्यांनी लिहिलेली आणि ह्याच साप्ताहिकात छापलेली ध्वजप्रतिज्ञा अमेरिकन शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या म्हटली गेली. एका राष्ट्राची प्रतिज्ञा वर्गणीदार वाढविणाऱ्या खात्यात जन्मावी, हे पाहून नाके मुरडण्याचे कारण नाही. येथे वाचकाला केवळ ग्राहक न मानता प्रचारकाचे स्थान दिलेले होते, आणि 'प्रीमियम' हे त्या श्रमाचे पारितोषिक होते. शब्द आपल्या मूळ अर्थाशी प्रामाणिक होता.

पुढे ह्या शब्दाने बाजू बदलली. दर्शनी किमतीपेक्षा अधिक दराने विकल्या जाणाऱ्या रोख्याला 'प्रीमियम'वर विकला म्हणत. आपल्याकडील वाणिज्याच्या पुस्तकांत त्याला अधिमूल्य म्हणतात. त्या वाटेने शब्दाला वरच्या प्रतीचा अर्थ चिकटला, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पेट्रोल-पंपावर 'रेग्युलर' व 'प्रीमियम' असे दोन नळ दिसू लागले. बक्षिसाचे नाव जादा किमतीला मिळाले.

'फ्री' ह्या शब्दाचा इतिहास अधिक वादग्रस्त आहे, कारण तो न्यायासनापर्यंत गेला. ह्या प्रकरणाच्या केंद्रस्थानी हॅरी शर्मन ह्यांनी १९२६ साली न्यूयॉर्क येथे स्थापलेला 'बुक ऑफ द मंथ क्लब' आहे. शर्मन हे मूळचे जाहिरातींचे लेखक. चॉकलेटच्या खोक्यांबरोबर शेक्सपिअरच्या नाटकांच्या चिमुकल्या प्रती देण्याचा उद्योग त्यांनी पूर्वी केला होता. क्लबचा पहिला ग्रंथ, सिल्व्हिया टाउनसेंड वॉर्नर ह्यांची 'लॉली विलोज' ही कादंबरी, एप्रिल १९२६ मध्ये ४,७५० सभासदांना रवाना झाला. कालांतराने क्लबने विकत घेतलेल्या ग्रंथांच्या प्रमाणात सभासदांना आणखी ग्रंथ देण्यास प्रारंभ केला, आणि त्यांना 'बुक-डिव्हिडंड', म्हणजे ग्रंथ-लाभांश, असे नाव दिले. आमच्या मते ह्या सबंध इतिहासातील ही सर्वांत चतुर शब्दयोजना होय. लाभांश भीक नसते आणि आमिषही नसते. तो भागधारकाच्या हक्काचा असतो. ज्याने आधी काही गुंतविले आहे त्यालाच तो मिळतो ही अट त्या एका शब्दात उघडपणे सामावलेली आहे, म्हणून ती निराळी सांगावी लागत नाही.

परंतु क्लब तेवढ्यावर थांबला नाही. नव्या सभासदाला प्रवेशाच्या वेळी मिळणाऱ्या ग्रंथाला जाहिरातींत 'फ्री' म्हटले जाई, आणि वर्षातून किमान चार ग्रंथ विकत घेण्याची हमी मात्र त्याच्याकडून घेतली जाई. फेडरल ट्रेड कमिशन ह्या सरकारी आयोगाने १९४८ साली अशी भूमिका जाहीर केली होती की, जी वस्तू मिळविण्यासाठी दुसरे काही विकत घ्यावे लागते किंवा काही सेवा करावी लागते तिला 'फ्री' म्हणणे ही फसवणूक आहे. त्याच भूमिकेवरून आयोगाने १९५२ मध्ये क्लबला हा शब्द वापरण्यास मनाई केली, व १९५३ मध्ये संयुक्त संस्थानांच्या दुसऱ्या परिमंडलाच्या अपील न्यायालयाने ती मनाई उचलून धरली. आणि गंमत अशी की, त्याच १९५३ साली आयोगाने आपले मत बदलले! 'क्लासिक्स क्लब' आणि 'डिटेक्टिव्ह बुक क्लब' चालविणाऱ्या वॉल्टर ब्लॅक ह्यांच्या कंपनीविरुद्धची तक्रार निकालात काढताना आयोगाने असे ठरविले की, अटी प्रथमदर्शनीच स्पष्ट सांगितलेल्या असतील आणि विकत घ्यावयाच्या वस्तूची नेहमीची किंमत वाढविलेली नसेल, तर 'फ्री' म्हणण्यास हरकत नाही.

ह्या मतांतराकडे व्यापाऱ्यांपुढे पत्करलेली शरणागती म्हणून पाहता येईल, आणि तसे म्हणणारे लोक होतेही. तथापि आम्हांला १९४८ ची भूमिका भाषेच्या दृष्टीनेच कच्ची वाटते. शब्दकोशातील अर्थ हाच व्यवहारातील अर्थ असे ती मानते. 'दोन घेतल्यास तिसरे फ्री' हे वाक्य ऐकणारा मनुष्य पहिल्या दोहोंचे पैसे द्यावयाचे आहेत हे वाक्य संपण्यापूर्वीच ओळखतो. फसवणूक 'फ्री' ह्या शब्दात नसते, अट उशिरा सांगण्यात असते. आयोगाला हे पाच वर्षांनी उमगले.

पुढील दोन टप्पे थोडक्यात सांगण्यासारखे आहेत. १९६५ साली मेरी कार्टर पेंट कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आयोगाची बाजू घेतली. ही कंपनी ६.९८ डॉलरला रंगाचा एक डबा विके आणि दुसरा 'फ्री' देई. पण तिने एकटा डबा कधी विकलाच नव्हता. म्हणजे ती किंमत वस्तुतः दोन डब्यांचीच होती. त्यानंतर १९७१ साली आयोगाने 'फ्री' ह्या एकाच शब्दासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसृत केली. तिच्यातील दोन कलमे लक्षणीय आहेत. तारांकित करून पृष्ठाच्या तळाशी दिलेली टीप ही अट 'प्रारंभीच सांगणे' होत नाही, असे एक कलम म्हणते. तळटिपांवर ज्यांचा भार असतो अशा आपल्या वाचकांनी ते मनावर घेऊ नये. दुसऱ्या कलमानुसार, त्याच मालाची 'फ्री' योजना एका बाजारपेठेत बारा महिन्यांत सहा महिन्यांहून अधिक चालवू नये. जे नेहमीच फ्री असते ते फ्री नव्हे, तीच नेहमीची किंमत, हा त्यामागील विचार आहे. आज संगणकावरील बहुतेक सेवांचा विनामूल्य भाग कायमचा विनामूल्य असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे मधल्या काळात किती मोठे स्थित्यंतर घडले ह्याची कल्पना येते.

ते स्थित्यंतर आज्ञावलींच्या व्यापारात घडले. आज्ञावलीची नक्कल करण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही, आणि नक्कल रोखणे दुष्कर असते. १९८२ साली अँड्र्यू फ्लूगेलमन ह्यांनी दूरध्वनीच्या तारेवरून संगणक जोडणारी 'पीसी-टॉक' ही आज्ञावली तयार केली. ती कोणीही उतरवून घ्यावी, दुसऱ्यास द्यावी, आणि उपयुक्त वाटल्यास २५ डॉलर पाठवावेत, अशी विनंती तिच्यासोबत होती. ह्या पद्धतीला त्यांनी 'फ्रीवेअर' असे नाव दिले आणि ते व्यापारचिन्ह म्हणून नोंदविले. त्याच सुमारास वॉशिंग्टन राज्यात आयबीएममध्ये काम करणारे जिम नॉफ ह्यांनी 'पीसी-फाइल' ही आज्ञावली तशाच रीतीने वाटली. त्यांचा शब्द 'वापरणाऱ्यांच्या आधारावर चालणारे सॉफ्टवेअर' असा लांबलचक होता. मायक्रोसॉफ्टच्या अगदी प्रारंभीच्या नोकरांपैकी एक असलेले बॉब वॉलेस ह्यांनी १९८३ साली नोकरी सोडून 'पीसी-राइट' ही लेखनाची आज्ञावली काढली व तिला 'शेअरवेअर' म्हटले.

ह्या तीन नावांची स्पर्धा उद्बोधक आहे. 'फ्रीवेअर' हे नाव इतरांना कायद्याने वापरता येत नव्हते. शिवाय जिच्यासाठी पैसे मागावयाचे तीच वस्तू 'फ्री' म्हणावयाची, हा त्यातील अंतर्विरोध होता. नॉफ ह्यांचे नाव प्रामाणिक खरे, पण जिभेवर बसणारे नव्हते. १९८४ मध्ये 'सॉफ्टॉक' ह्या मासिकातील स्तंभलेखक नेल्सन फोर्ड ह्यांनी वाचकांकडून नाव मागविले, तेव्हा 'शेअरवेअर' सर्वाधिक वाचकांनी सुचविले. वॉलेस ह्यांनी त्यावर मालकी सांगितली नाही. आपण ते एका जुन्या स्तंभाच्या शीर्षकावरून घेतले, असे ते सांगत. जे नाव कोणाचेच नव्हते ते सर्वांचे झाले, आणि १९८७ मध्ये ह्या लेखकांची व्यावसायिक संघटना त्याच नावाने स्थापन झाली.

परंतु सोय हे यशाचे एकच कारण नव्हे. 'शेअर' ह्या शब्दात वाटून घेणे आणि वाटा उचलणे असे दोन्ही अर्थ आहेत. पैसे देण्याच्या क्रियेलाही ह्या मंडळींनी खरेदी न म्हणता 'नोंदणी' म्हटले. पैसे देणारा तो 'नोंदणीकृत वापरकर्ता'. वॉलेस ह्यांची नोंदणी ७५ डॉलरची होती, आणि नोंदणीकृत मनुष्याने दिलेल्या प्रतीवरून दुसऱ्याने नोंदणी केल्यास पहिल्याला २५ डॉलर मिळत. बॉस्टनच्या साप्ताहिकाने नवा वर्गणीदार आणणाऱ्या वाचकाला दिलेल्या पारितोषिकाचीच ही पुनरावृत्ती आहे.

ह्याच काळात रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी, १९८३ पासून, 'फ्री सॉफ्टवेअर'ची चळवळ उभारली. तिच्यात 'फ्री' म्हणजे स्वतंत्र, मोफत नव्हे. त्यांच्या संस्थेने आपल्या आज्ञावलीची फीत १५० डॉलरला विकलीही. तरीही इंग्रजी भाषेत दोन्ही अर्थ एकाच शब्दात कोंबलेले असल्यामुळे खुलासा करता करता कार्यकर्ते थकले, आणि ३ फेब्रुवारी १९९८ रोजी पालो आल्टो येथील बैठकीत क्रिस्टीन पीटरसन ह्यांनी 'ओपन सोर्स' ही संज्ञा सुचविली. आपल्याकडे मोफत आणि मुक्त हे शब्द निराळे असल्याने हा पेच मुळातच पडला नाही.

२००६ साली न्यूयॉर्कचे भांडवल-पुरवठादार फ्रेड विल्सन ह्यांनी, मूळ सेवा विनामूल्य व वाढीव सेवा समूल्य अशा व्यवसायपद्धतीला नाव सुचविण्यास आपल्या वाचकांना सांगितले. जॅरिड ल्यूकिन ह्यांनी 'फ्रीमियम' सुचविले. शब्द चटकदार आहे, पण तो धंद्याच्या आत बोलण्याचा शब्द आहे; ग्राहकाला उद्देशून क्वचितच उच्चारला जातो, कारण त्यात ग्राहकाला स्थानच नाही.

वृत्तपत्रांचा अनुभव हेच सांगतो. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने सप्टेंबर २००५ मध्ये आपले नामांकित स्तंभलेखक 'टाइम्स-सिलेक्ट' ह्या वार्षिक ४९.९५ डॉलरच्या कुंपणाआड नेले. दोन वर्षांत सुमारे २,२७,००० लोकांनी पैसे भरले, तरी सप्टेंबर २००७ मध्ये योजना बंद करण्यात आली. शोधयंत्रांच्या वाटेने येणारा वाचक गमावणे जाहिरातींच्या उत्पन्नाला परवडेना. हे आर्थिक कारण खरेच आहे. परंतु 'निवडक' ह्या नावाचा ध्वन्यर्थही पाहावा. निवडक कोण? लेखक. मग उरलेले वृत्तपत्र वेचून टाकलेले म्हणावयाचे काय? मार्च २०११ मध्ये त्याच पत्राने पुन्हा पैसे मागितले तेव्हा मजकुराच्या प्रती लावल्या नाहीत. महिन्याला २० लेख कोणीही वाचावेत, पुढे वाचणाऱ्याने वर्गणीदार व्हावे, असा नियम केला. २०१२ मध्ये ती संख्या १० वर आणली. भेद मजकुराचा राहिला नाही, तो वाचकाच्या नात्याचा झाला, आणि ही व्यवस्था रुजली.

मराठीचा विचार करता एक गोष्ट ठळकपणे नजरेत भरते. अरबी-फारशीतून आलेला 'मोफत', संस्कृत वळणाचा 'विनामूल्य' आणि देशी 'फुकट' ह्यांतील शेवटचा शब्द व्यर्थतेचाही वाचक आहे. श्रम फुकट जातात, आणि फुकट्याला कोणी पाट मांडीत नाही. म्हणूनच की काय, मराठी संस्थांनी दोन्ही बाजूंना मानाची नावे शोधली. नाट्यगृहात पैसे देऊन घ्यावयाचा कागद कित्येकदा 'देणगी प्रवेशिका' असतो, आणि पैसे न देता मिळणारा कागद 'सन्मानिका'. लेखकाने विनामोल दिलेल्या प्रतीवर 'सप्रेम भेट' लिहिलेले असते. एकट्या अंकाला 'किंमत' असते, पण वर्षभराच्या अंकांना 'वर्गणी', आणि उत्सवासाठी घरोघर जाऊन जमवितात तिलाही आपण हाच शब्द लावतो. वॉलेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 'शेअर' ह्या शब्दातून जे सुचवावयाचे होते, ते मराठी नियतकालिकांच्या मुखपृष्ठांवर पूर्वीपासून छापले जात होते. आता मराठी संकेतस्थळे त्याच जागी 'प्रीमियम सदस्यत्व' असे लिहू लागली आहेत.